परतीचे मैल

दरवर्षी नवी तुकडी यायच्या आधी विक्रेता आपली खोकी घेऊन माझ्या वर्गात येतो आणि मी त्याचा जीव खातो. हे माझं आवडतं काम आहे. वैमानिक होऊ पाहणाऱ्या पोरांनी कुठलं फ्लाइट कॉम्प्युटर घ्यावं, कुठली पट्टी, कुठला डिव्हायडर, हे आमच्या फ्लाइंग क्लबात मी ठरवतो. फ्लाइट कॉम्प्युटर म्हणजे बटणांचं यंत्र नव्हे. बशीएवढ्या दोन गोल चकत्या, एकीत एक फिरणाऱ्या, कडेला आकडे. एका बाजूला वेळ, वेग, अंतर आणि इंधनाची गणितं सुटतात. दुसऱ्या बाजूच्या पारदर्शक तबकडीवर पेन्सिलीने ठिपका काढून वारा मांडायचा. बॅटरी नाही, पडदा नाही. पोरं तिला नुसतं ‘चकती’ म्हणतात आणि पहिल्या दिवशी फिदीफिदी हसतात. “मामा, हे आमच्या आजोबांच्या काळातलं!” मी म्हणतो, आजोबा घरी परत यायचे, तेवढं बघा.

मला सगळा क्लब मामा म्हणतो, पण खरी भाची एकच, धाकट्या बहिणीची मुलगी. तिला आम्ही टिटवी म्हणतो, कारण जन्मल्यापासून तिचा आवाज तीन घरं ओलांडून जातो. मेव्हणे गेल्यापासून आम्ही तिघं एकत्रच राहत होतो, क्लबाच्या कुंपणाला लागून असलेल्या बैठ्या घरात. वर्गाच्या खिडकीतून समोर गवत दिसतं, गवतातून गेलेली सरळ पायवाट दिसते आणि वाटेच्या टोकाला आमचं दार. पाच मिनिटांचा रस्ता. बहीण दुपारी माझा डबा घेऊन यायची, दोन शब्द सुनवायची आणि परत जायची. त्या वर्षी टिटवी आमच्याकडेच शिकत होती आणि लवकरच तिचं एकटीचं पहिलं लांबचं उड्डाण व्हायचं होतं.

चकती पारखायची माझी रीत ठरलेली आहे. आतल्या दहासमोर बाहेरचा दहा आणायचा आणि सबंध गोल डोळ्यांखालून घालायचा. एक रेघ जरी दुसरीवरून सरकलेली असली तरी मधली खीळ वाकडी बसली आहे, माल परत. मग ती दिवसभर खिडकीत उन्हात ठेवायची. प्लॅस्टिकची वाकते. पुठ्ठ्याची दमट हवेत फुगते आणि फिरायला कुरकुरते. धातूची तापून हात पोळते, पण आकडा सोडत नाही. शेवटी घरचं गणित. आमच्या शिकाऊ पोरांचा ठरलेला त्रिकोण आहे: धावपट्टीवरून रेल्वेच्या पुलापर्यंत, तिथून नदीच्या वळणापर्यंत आणि वळणावरून घरी. शेवटची बाजू पंचेचाळीस मैल, वेग ताशी नव्वद, वारा नाही. उत्तर अर्धा तास. हे गणित चकतीशिवाय कुणालाही सुटतं, म्हणूनच मी ते घेतो. उत्तर आधी माहीत असेल तरच हत्यार पारखता येतं.

विक्रेता नमुने ठेवून गेला आणि मी टिटवीला मदतीला बसवलं. तिच्याकडे प्लॉटर दिला. प्लॉटर म्हणजे मैलांच्या खुणांची पारदर्शक पट्टी. मी तिचं शून्य नेहमी घरावर ठेवतो आणि बाहेर मोजत जातो. टिटवी डावखुरी, आईवर गेलेली. तिने पट्टी उलटी धरली, शून्य नदीच्या वळणावर ठेवलं आणि घराकडे मोजलं.

“सत्तेचाळीस,” ती म्हणाली.

“डोळे तपासून घे.”

“तूच बघ ना, मामा.”

मी वाकून बघितलं. वळणावर शून्य, घरावर सत्तेचाळीस. पट्टीची छपाई चुकली असणार, असं मनाशी म्हणत मी तिला हात काढायला सांगितलं आणि पट्टी हलू नये म्हणून माझं बोट दाबून धरलं. घरावर पंचेचाळीस होते. पट्टी हललेली मला दिसली नव्हती.

“हात थरथरतो तुझा,” मी म्हणालो.

तिने डावा हात माझ्यासमोर धरला. तो जराही हलत नव्हता.

मग आम्ही सगळे नमुने काढले. जाड पट्टी, बारीक पट्टी, माझी स्वतःची पिवळी पडलेली जुनी पट्टी, पितळी डिव्हायडर. नकाशा भिंतीवरचा घेतला, मग नवा कोरा घेतला. माझ्या हातात दोन्हीकडून पंचेचाळीस. तिच्या हातात घरून वळणापर्यंत पंचेचाळीस, आणि वळणावरून घरापर्यंत सत्तेचाळीस. तीच रेघ, तोच कागद. मी सगळी खोकी विक्रेत्याला परत केली आणि माल सदोष आहे म्हणून सांगितलं. तो बिचारा गोंधळला. “साहेब, पट्टीला काय कळतंय, कुणी धरलीय ते?” त्याचं म्हणणं बरोबर होतं आणि त्यामुळेच मला त्याचा राग आला.

दुसऱ्या कंपनीचे नमुने मागवले. पुढच्या आठवड्यात तिच्या हातात एकोणपन्नास भरले.

मी तर्काने चालणारा माणूस आहे. मांजर आडवं गेलं तर मी थांबत नाही. पण त्या दिवसांत मी जे करत होतो त्याला तर्क म्हणायचं का, ते मला ठाऊक नाही. रोज वर्ग सुटला की टिटवीला बसवायचं, तिच्या हातात नवी पट्टी द्यायची आणि आकडा बघायचा. मला एकच हत्यार हवं होतं, जे तिच्या हातात पंचेचाळीस दाखवील. तेवढं मिळालं असतं तर ते मी सगळ्या तुकडीला घ्यायला लावलं असतं, मग ते मातीचं का असेना. तिला आधी याची गंमत वाटायची. “मामा, नवीन आली वाटतं पट्टी? बघू आज कुठवर गेलं घर!”

त्रेपन्न झाले त्या दिवशी तिने स्वतःच धातूची चकती उचलली. “समज, अंतर पंचेचाळीसच आहे. मग उशीर होतोय तो वाऱ्यामुळे, बरोबर?” तिने वेळ मांडली, चकती फिरवली, उलटून पारदर्शक बाजू वर केली आणि पेन्सिलीने ठिपका काढला. हात कसा सराईत चालत होता! मला अभिमान वाटला, हे कबूल केलं पाहिजे.

“ताशी साडेतेरा मैलांचा वारा,” ती म्हणाली. “घराकडून.”

आम्ही दोघांनी खिडकीबाहेर पाहिलं. धावपट्टीच्या कडेची वाऱ्याची कापडी पिशवी खांबाला चिकटून लोंबत होती.

“घर मला ढकलतंय, मामा.” तिने हसायला सुरुवात केली, पण ते हसू पुरं झालं नाही.

घरी वेगळीच कुरबूर चालली होती. बहीण टिटवीच्या उशिरावरून चिडायची. “क्लबातून निघाले म्हणून फोन करते आणि अर्ध्या तासाने उगवते. वाटेत कुणाशी गप्पा छाटत असते कोण जाणे.”

“कुठेही थांबले नाही गं, आई,” टिटवी म्हणायची. “सरळ आले.”

मी ताटावरून मान वर केली नाही.

शेवटी मी कप्तानकडे गेलो. हा आमचा मुख्य प्रशिक्षक, सैन्यातून निवृत्त झालेला, मिशा आणि आवाज दोन्ही राखून असलेला. एकटीच्या उड्डाणाची परवानगी त्याच्या हातात. टिटवीला समोर बसवून मी तिला मोजायला लावलं. अठ्ठावन्न. कप्तानने पट्टी स्वतः लावली. पंचेचाळीस. मग त्याने टॅब्लेट काढून दाखवला, त्यावरही पंचेचाळीस. टॅब्लेट अर्थातच त्याच्याच हातात होता.

“मामा,” टिटवी बाहेर गेल्यावर तो हळू आवाजात म्हणाला, “पोरगी माझ्याबरोबर चार वेळा त्या वळणावरून आली. चारही वेळा अर्ध्या तासात. तुम्ही घाबरलाय. सख्खं माणूस असलं की होतं असं.”

“तुम्ही शेजारी होतात तेव्हा.”

“मग?”

“या खेपेला नसाल.”

त्याने टॅब्लेट बंद करून बाजूला ठेवला. मग म्हणाला, “चहा घेणार का?”

मी तिच्या कागदावर सही केली नाही. त्याने केली. मी त्रिकोण उलटा फिरवायला सुचवलं. पण टिटवीने पुलावरून घराकडे मोजलं तर तेही वाढलेलं होतं. दोरा घेऊन मोटारीचा रस्तासुद्धा मोजून पाहिला. जायचं अंतर कुठलंच बदललेलं नव्हतं. घराकडे येणारी प्रत्येक रेघ तिच्या हातात लांबत होती.

“जाऊ नकोस,” मी तिला म्हणालो.

“मग काय, कुठे जायचंच नाही मी? पायवाटेनेसुद्धा?” तिने विचारलं. ती हसत नव्हती. “मामा, घरात बसून राहिले तरी ते वाढतंच आहे. निदान वरून दिसेल तरी, कुठे आहे ते.”

बहिणीला मी सगळं सांगितलं. तिने निम्मं ऐकलं आणि पदर खोचला. “दादा, टिटवीसुद्धा समुद्र आटवते म्हणतात. माझ्या पोरीने एवढं केलं आणि तू पट्ट्या मोजत बसलास! तिचे पाय ओढू नकोस.” त्या घरात माझी बाजू घेणारं कुणी उरलं नव्हतं. खरं सांगायचं तर मीही माझ्या बाजूचा नव्हतो. मला मनापासून वाटत होतं की आपण म्हातारे झालोय, भ्रमिष्ट झालोय. तसं असतं तर फार बरं झालं असतं.

उड्डाणाच्या सकाळी आकाश धुतल्यासारखं स्वच्छ होतं. मी विमानाच्या टाक्या काठोकाठ भरून घेतल्या, झाकणं स्वतः उघडून बघितली. एरवी लागतं त्याच्या दुप्पट पेट्रोल होतं. तिला माझी धातूची चकती दिली, इतक्या वर्षांत कुणाच्या हाती न दिलेली.

“मामा, मी किती धरू?” तिने विचारलं. “पंचेचाळीस, की माझे?”

आयुष्यभर मी पोरांना एकच शिकवलं होतं. नकाशावर जे मोजाल तेच धरा, कुणाच्या सांगण्यावर जाऊ नका. “तुझे धर,” मी म्हणालो.

ती गेली. पूल वेळेवर आला. वळणही वेळेवर आलं. मी आणि कप्तान रेडिओपाशी बसलो होतो. तिचा आवाज खणखणीत होता, यंत्रसुद्धा थरथरत होतं.

“वळण सोडलं. घराकडे निघाले.” मग थोड्या वेळाने, “मामा, मी परत मोजलं. पट्टी पुरत नाहीये. पट्टी संपली तरी घर येत नाहीये.”

कप्तानने माझ्या हातातून माइक घेतला. “रेडिओवर गप्पा नकोत. दिशा सांग.”

“घराची.”

“उंची?”

“ठरलेली. सगळं ठीक आहे.”

अर्धा तास झाला. कप्तान दुर्बीण घेऊन बाहेर गेला. मी माइक घेतला आणि काय दिसतंय ते विचारलं.

“धावपट्टी समोर आहे,” टिटवी म्हणाली. “अगदी समोर. वाऱ्याची पिशवी दिसतेय. आपलं घर दिसतंय, मामा. आई दारात उभी आहे. हिरवी साडी.”

मी खिडकीतून पाहिलं. बहीण दारात उभी होती, हिरव्या साडीत, कपाळावर हात धरून वर बघत. वर काहीही नव्हतं.

“अर्ध्या तासात उतरते,” टिटवी म्हणाली.

दुपार टळली. तेच. क्लबाची दोन विमानं त्या रेघेवरून वळणापर्यंत जाऊन परत आली. त्यांना ती दिसली नाही. तिला तीही दिसली नाहीत. तिला फक्त आम्ही दिसत होतो. कप्तान दर थोड्या वेळाने तिला दिशा विचारत होता आणि ती सांगत होती, आणि ती दरवेळी बरोबर होती. सगळे जण बाहेर येऊन उभे राहिले होते. तिने त्यांतल्या काहींना नावानिशी ओळखलं.

ऊन उतरायला लागलं तेव्हा ती म्हणाली, “काटा रिकाम्यावर आलाय.”

कप्तानने डोळे मिटले.

“इंजिन चालू आहे पण,” ती म्हणाली.

पुढचं काही तिने घाबरून सांगितलं असतं तर मला सोसलं असतं. ती घाबरली नव्हती. लहानपणी शाळेतून यायची आणि कोपऱ्यावरूनच ओरडायची, आले गं, वाढ! तसाच आवाज.

“दिसतंय सगळं. अर्धा तास, मामा.”

अंधार पडेपर्यंत ते चाललं. मग रेडिओवर नुसती खरखर उरली. कप्तान उठला आणि निघून गेला. तेव्हापासून तो माझ्याशी हवापाण्यापलीकडे बोलत नाही. शोध झाला, चौकशी झाली, नदी ढवळून झाली. विमानाचा एक पत्रासुद्धा कुणाला मिळाला नाही. कुणी मला विचारलंच तर मी सांगतो की मी चकत्या निवडतो, बाकी मला ठाऊक नाही.

बहीण रडली नाही. लोकांना ते चमत्कारिक वाटलं. ती रोज डबा घेऊन यायची, रेडिओची खरखर ऐकत बसायची, आणि एक दिवस म्हणाली, “दादा, ते मोजतात कसं रे? मला दाखव.”

मी नको म्हणालो. ती ऐकणारी नव्हती. मी तिच्या डाव्या हातात पट्टी दिली आणि शून्य कुठे ठेवायचं ते दाखवलं. नदीच्या वळणावर. बारीक आकडे तिला वाचता येत नाहीत, म्हणून पट्टी तिने धरायची आणि आकडा मी सांगायचा, असं ठरलं. मी श्वास रोखून वाकलो. पंचेचाळीस होते. मला रडूच आलं.

“म्हणजे किती वेळ?”

“अर्धा तास.”

“बघ,” ती म्हणाली, “पोरगी खोटं बोलत नव्हती. अर्ध्या तासावर आहे.” आणि ती घाईघाईने घरी गेली, पाणी तापवून ठेवायला.

तेव्हापासून हे रोजचं झालं. डबा, खरखर, पट्टी. पंचेचाळीस, अर्धा तास. तेवढ्यावर ती दिवस काढते. नवी तुकडी आली, पोरांना मी धातूची चकती घ्यायला सांगितली. पट्टी प्रत्येकाला दोन्हीकडून लावायला लावतो. पोरं माझी नक्कल करतात, मला कळतं. करू देत बिचारी. सगळ्यांचे पंचेचाळीस येतात.

आज बहिणीने पट्टी लावली आणि मी वाकलो. वळणावर शून्य होतं. मी चष्मा पुसला आणि परत वाकलो. तिचा हात स्थिर होता.

सत्तेचाळीस.

“किती रे, दादा?”

अर्ध्या मैलाच्या चुकीसाठी मी पोरांना वर्गाबाहेर उभं केलं आहे.

“पंचेचाळीस,” मी म्हणालो.

“म्हणजे अर्धाच तास.” तिने डबा उचलला, पदर नीट केला. “येते मी. तूही लवकर ये.”

मी खिडकीपाशी उभा राहिलो. लख्ख ऊन होतं. ती पायवाटेला लागली, कुठेही न थांबता, सरळ, नेहमीच्याच भरभर चालीने. समोर आमचं दार उघडं होतं. हाक मारून तिला मागे बोलवावंसं वाटलं. पण मग तिला पुन्हा इथून निघावं लागलं असतं.

ती बराच वेळ दिसत राहिली.